मारबतीच्या कानात

"पुन्हा तीच!"

शेजारच्या निखारेबाई आमच्या फाटकाशी उभ्या होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट नाकावर. अंगणातल्या मांडवाखाली मारबत बसली होती आणि त्याच दिवशी सकाळी तिच्या धडावर तोंड चढलं होतं. रंग अजून लागायचा होता. फक्त भुवया काळ्या केल्या होत्या.

"कोण तीच?" मी विचारलं.

"काही नाही व. माझं तोंडच फाटकं." मग माजघराकडे नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "तीन वर्सं झाली तुह्या लग्नाले. मले वाटलं, आता तरी दामू विसरला असेल तिले. पण नाही बापा. पोरगा नाही विसरला."

आणि एवढा विस्तव पदरात टाकून त्या विटा मोजाव्यात तशा पायाखाली पाहत आपल्या घरी निघून गेल्या.

मारबत म्हणजे बांबूच्या कमच्या, भाताचं तणस आणि रद्दी कागद यांची मोठी थोरली बाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत गावभर फिरवायचं, गावातली सगळी रोगराई आणि पीडा तिच्या माथी मारायची, आणि नदीकाठी नेऊन जाळून टाकायचं. आमच्या कोसारीची मारबत फार जुनी. माझ्या आजेसासऱ्यांच्या लहानपणी गावात पटकीची साथ आली. कोष्टीपुऱ्यात असं घर उरलं नाही जिथलं माणूस गेलं नव्हतं. तेव्हा तिथल्या बायकांनी मागाखालचं तुटकं सूत आणि चिंध्या गोळा करून एक बाहुली बांधली आणि फुटक्या मडक्याचं तिला तोंड दिलं. प्रत्येकीने तिच्या कानात आपल्या घराचं दुःख सांगितलं आणि मग तिला जाळली. साथ गेली. ती तशीही गेली असती, पण ते बोलायची माझ्या सासरी सोय नव्हती. तेव्हापासून मारबत प्रत्येक दारी थांबते, त्या घरची थोरली बाई पायलीवर नाहीतर स्टुलावर चढून तिच्या कानात काय ते सांगते, आणि काय सांगितलं हे कोणी विचारत नाही.

मडक्याचं तोंड जाऊन कागदाच्या लगद्याचं तोंड आलं ते माझ्या सासऱ्यांमुळे, रामाजी हेडाऊंमुळे. त्यांचा हात कापायला लागल्यावर ते काम माझ्या नवऱ्याकडे आलं. तोंड आलं आणि गावाला नवा खेळ मिळाला. यंदा मारबत कोणावर गेली? तलाठ्याच्या बायकोवर की ग्रामसेवकाच्या सासूवर? सुळे आणि लोंबती लाल जीभ ठरलेली असायची. पण त्यांच्या वरचे डोळे, नाक, कपाळ हे कोणाचं ना कोणाचं निघायचंच.

लग्न झाल्यापासून मी दोन मारबती पाहिल्या होत्या आणि दोन्हींचं तोंड मला सारखंच वाटलं होतं. मी म्हटलं, करणारा एकच हात, होत असेल. माझं माहेर वर्धेकडचं. या गावातली माणसं मला कुठली ठाऊक? पण निखारेबाई गेल्यावर मी मारबतीसमोर उकिडवी बसले आणि पहिल्यांदा तिला नीट पाहिलं. रुंद कपाळ. टपोरे, थोडेसे हसरे डोळे. आणि डावी भुवई मधोमध कापलेली, लहानपणी दगड लागून खोक पडली असावी तशी.

कागदाच्या राक्षसिणीला कोणी खोक पाडतं का? ती भुवई कोणत्या तरी खऱ्या बाईची होती. माझ्या नवऱ्याने ती इतक्यांदा पाहिली होती की डोळे मिटून घडवू शकत होता. आमच्याकडे याला पोटात दुखणं म्हणतात. माझ्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं, ते कोणत्याही काढ्याने थांबणारं नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. पोळ्याच्या आधी हा माणूस व्यापाऱ्याचं काम बाजूला ठेवून मारबतीसाठी मागावर लुगडं विणायचा. साधंसुधं नाही, कोशाच्या रेशमाचं, करवती काठाचं. पलीकडच्या आळीपर्यंत धोट्याचा आवाज जायचा. मी त्या घरात आले तेव्हापासून सुती नेसत होते, आणि ही कागदाची भवानी करवतकाठी नेसून जळायला जायची. एकदा मी म्हटलंही होतं, "एक असं मलेही विणा ना." तर म्हणाला, "मारबतीचं लुगडं जित्या बाईनं नेसायचं नसते." तेव्हा मला ते खरं वाटलं होतं.

सासूबाईंचंही तसंच. माझ्या डोक्याला त्यांनी कधी तेलाचा थेंब लावला नाही. पण मारबतीचे अंबाडीचे केस त्या मांडीवर घेऊन विंचरायच्या, तेल लावून वेणी घालायच्या, वेणीत फूल खोचायच्या. आणि मारबतीच्या कानाशी लागल्या की हलायच्या नाहीत. दुसऱ्या बायका दोन शब्दांत आटपायच्या. आमच्या सासूबाई बोलतच राहायच्या. मला खात्री होती की त्या माझीच कागाळी करतात. आता वाटलं, कागाळी नसेल. "तूच सून व्हायची होतीस गं," असंच काहीतरी त्या तिला सांगत असतील.

दुपारी तो मागावर बसला तेव्हा मी खांबाला टेकून उभी राहिले.

"कोणाचं तोंड आहे जी हे?"

"मारबतीचं."

"मारबतीची भुवई कापली असते का?"

धोटा थांबला. त्याला दम्याचा त्रास. अडचणीत आला की तो नेमका खोकायचा. तसा खोकला, आणि म्हणाला, "जेवली का तू?"

"मी काय विचारून राहिली?"

"शकू," तो म्हणाला, "या घरात ते बोलायचं नाही. मले कसम आहे."

"कोणाची?"

आतल्या खोलीत मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, घसा खाकरला. नवऱ्याने धोटा फेकला आणि जोरजोराने माग चालवायला लागला. कसम घातली म्हणजे प्रकरण जुनं आणि खोल. बापाने मोडलेलं लग्न असावं, दुसरं काय? मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी अशा थापल्या की सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "काय चाललं व? परात फोडते काय?"

दुसऱ्या दिवशी निखारेबाईंना विहिरीवर गाठलं.

"नाव सांगा तिचं."

"ना बापा. तुह्या सासऱ्यानं ऐकलं तर माझ्या दारावर येऊन बोंबलेल. त्या नावाले गावात बंदी आहे." त्यांनी घागर डोक्यावर घेतली, चार पावलं गेल्या आणि वळल्या. "नदीपलीकडे मांडवीचा बाजार असते मंगळवारी. झिंगे चांगले भेटतात. पण घेताना भुवई पाहून घेजो."

मांडवीच्या बाजाराला आमच्या घरचं कोणी जात नसे. मामाजींना तो बाजार आवडत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. मी घरी सांगितलं की मारबतीच्या मुकुटाला बेगड हवी आहे आणि इथल्या दुकानातली संपली आहे. नवऱ्याचा दमा उठलेला होता. सासूबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "जाय. पण मामाजीले सांगू नोको."

नावाड्याच्या डोंग्यातून मी पलीकडे गेले. मासळीच्या रांगेत शिरले आणि शोधायची वेळच आली नाही. मारबत समोर बसली होती.

तेच कपाळ, तेच हसरे डोळे, तीच डावी भुवई. सुळे नव्हते, जीभ नव्हती, आणि त्यामुळे ती माझ्यापेक्षा देखणी होती. वयाने मोठी होती, पण देखणी होती. हातात हिरव्या बांगड्या, म्हणजे नवरा जिवंत. समोर टोपलीत झिंगे. माझ्या मनात इतकं भांडण तयार होतं की कुठून सुरुवात करावी ते कळेना.

"घ्या ना बाई. आत्ताच काढलेले आहेत," ती म्हणाली.

"कोसारीची मारबत पाहिली का कधी तुम्ही?"

तिचे हात थांबले. "नाही. त्या गावात माझं जाणं नाही."

"पाहाच एकदा. तुमच्याच तोंडाची असते."

मी आणखी ठासून म्हटलं, "दर वर्षी. भुवईसुद्धा सुटत नाही. माझा नवरा करते."

तिने मान वर केली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "दामूची बायको तू?"

दामू! ज्याचं नाव मी उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नव्हतं, ते हिने मासळी बाजारात, चार माणसांत, दारातल्या पोराला हाक मारावी तसं घेतलं. आणि मला लगेच "तू".

"दमा कसा आहे त्याचा?" ती विचारत होती. "पावसाळ्यात फार उठते. रात्री उशाले दोन उशा देत जाय. अन् झिंगे कर त्याले, कांदा घालून, कोरडे. त्याले फार आवडतात." बोलता बोलता तिने पानात झिंगे बांधलेसुद्धा. "पैसे नोको देऊ."

उशाला दोन उशा! कोणाची उशी कशी असते हे कोणाला ठाऊक असतं, ते काय मला कळत नव्हतं? माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती.

"मग येच तू यंदा," मीही "तू" वर आले. "लपूनछपून नाही. मारबतीच्या दिवशी, साऱ्या गावासमोर, आमच्या दारात ये."

मला वाटलं, ती भांडायला उठेल, नाहीतर लाजेने मान खाली घालेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे घरी विचारून म्हणून राहिली का तू?"

"घरात आता माझंच चालते," मी ठोकून दिलं. माझं घरात मीठसुद्धा चालत नव्हतं.

"सुनेनं बोलावलं म्हटल्यावर मी नाही कशी म्हणू?" ती म्हणाली. पदराने डोळे पुसले आणि टोपलीकडे पाहत बसली.

झिंगे मी परत येताना नदीत सोडून देणार होते. नाही सोडले. ते फुकट मिळालेले होते आणि मला स्वतःला झिंगे आवडायचे. पण केले ते रस्सा करून केले. कोरडे केले नाहीत.

मारबतीच्या दिवशी सकाळपासून डफडी वाजत होती. बंडीवर बसवलेली मारबत माणसं ओढत होती, कारण आदल्या दिवशी पूजा झालेल्या बैलांना त्या दिवशी जुंपत नाहीत. "ईडा पीडा, राई रोग, घेऊन जा गे मारबत!" पोरं ओरडत होती आणि त्यात आपापलं घुसडत होती. खोकला घेऊन जा, लाईटचं जाणं घेऊन जा, गणिताचा मास्तर घेऊन जा. दारोदारी बायका कानाशी लागत होत्या. मारबतीने जांभळ्या करवती काठाचं लुगडं नेसलं होतं. उन्हात तो काठ असा चमकत होता की बायका मारबतीकडे न पाहता काठाकडेच पाहत होत्या. मीसुद्धा.

मारबत करणाऱ्याचं घर सर्वांत शेवटी. आमच्या दारात बंडी थांबली तेव्हा अख्खी कोसारी मागे होती. मामाजी ओट्यावर बाजेवर बसले होते. मारबत दारात आली की ते दर वर्षी बसायचे आणि तिच्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, कारागीर आहेत, लेकाचं काम तपासत असतील. नवरा बंडीच्या चाकाशी उभा होता, बोटांना अजून रंग.

सासूबाई स्टुलावर चढल्या. मारबतीच्या गळ्यात हात टाकून त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला सुरुवात केली.

मी गर्दीत शोधत होते. ती आली होती. कडुनिंबाच्या बुंध्याशी, पदर नाकापर्यंत ओढून उभी होती. मी सरळ गेले, तिचा हात धरला आणि गर्दी बाजूला करत तिला बंडीसमोर आणून उभी केली. ती जराही ओढ न देता आली. मग मीच तिच्या तोंडावरचा पदर मागे सारला.

"पाहा," मी म्हटलं. माझा आवाज फुटला होता, पण मोठा होता. "दर वर्षी म्हणता ना, पुन्हा तीच, पुन्हा तीच? मग ही पाहून घ्या. हीच ना ती?"

डफडी थांबली. वर कागदाचं तोंड, खाली जितं तोंड, दोन्ही एकच. पोरांनीही ओरडणं बंद केलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. आता त्याची मान खाली जाईल, तो मागे सरेल, असं मला पाहायचं होतं. तो हसत होता की रडत होता ते कळत नव्हतं. त्याने बंडीचं चाक घट्ट धरलं होतं.

सासूबाई अजून मारबतीच्या कानाशीच होत्या. शांतता पडली तसे त्यांचे शब्द ऐकू आले. आजवर कोणी ऐकले नव्हते ते.

"...पोरंसोरं बरी आहेत का तुही? यंदा तरी ये व माय. माझे डोळे जाऊन राहिले. यंदा तरी ये."

मग त्यांना ती शांतता जाणवली. त्यांनी मान वळवली आणि खाली पाहिलं.

त्या स्टुलावरून कशा उतरल्या ते मला आठवत नाही. बहुतेक नवऱ्याने उतरवल्या. त्या तिच्यासमोर आल्या. नाव घेतलं नाही, गळ्यात पडल्या नाहीत. कापलेल्या भुवईवरून त्यांनी अंगठा फिरवला. तिचं डोकं दोन्ही हातांनी खाली ओढलं, तिच्या कानाला तोंड लावलं आणि मारबतीच्या कानात अर्धवट राहिलेलं बोलणं तिथून पुढे सुरू केलं.

मी तिथे सळईसारखी ताठ उभी. माझं भांडण कुठे गेलं ते मलाच समजेना.

"कोण आहे जी ही?" मी नवऱ्याजवळ जाऊन विचारलं.

"सिंधू. माझी थोरली बहीण."

"बहीण?"

"पलीकडच्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या पोराशी लग्न केलं तिनं. बाबानं आमाले कसम घातली. तिचं नाव या घरात घ्यायचं नाही. म्हणाले, तिचं तोंड या दारात आलंच तर मारबतीच्या धडावर येईल, अन् तसंच जळायले जाईल." तो नाक पुसत होता आणि रंग नाकाला लागत होता. "मी म्हटलं, बरं. मग तसंच येऊ दे. माय निदान पाहील तरी."

"मामाजीले कळलं नाही?"

"पहिल्याच साली कळलं. मी भुवई उजवी कापली होती. बाबानं ओट्यावरून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मले वाटलं, आता काठी घेऊन येतात. तर म्हणाले, डावी आहे ती. अन् आत निघून गेले."

मी ओट्याकडे पाहिलं. मामाजी बाजेवरून उठले होते. अख्खं गाव त्यांच्याकडे पाहत होतं, सिंधूताईसुद्धा. ती त्यांच्याकडे पाहत होती आणि तिचे हसरे डोळे अजिबात हसत नव्हते. गावासमोर घातलेली कसम गावासमोर मोडायची, ते सोपं नव्हतं.

"डफडं काऊन थांबलं?" ते ओरडले. "ऊन डोक्यावर आलं. मारबत पुढे घ्या."

बंडी हलली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, डोळे फुटले का तुहे? ती उन्हात उभी आहे. तिले पाणी दे. ओट्यावर बसव."

आमच्या दारचं पाणी. मी धावत जाऊन तांब्या आणला. सिंधूताईने तो दोन्ही हातांत घेतला आणि एका दमात सगळं पाणी प्यायली.

बंडी दहा पावलंही गेली नसेल तोच सासूबाई भानावर आल्या. "थांबवा! लुगडं उतरवा तिचं."

"अवो, मारबतीचं लुगडं अंगाले लावू नये," निखारेबाईच म्हणाल्या.

"मग इतकी वर्सं जळून कोण राहिलं होतं?" सिंधूताई ओट्यावरून म्हणाली. ती पहिल्यांदा हसली, आणि भुवईची दोन टोकं वर गेली. "मीच ना? मग लुगडंही माझंच."

बंडी थांबवून चार बायकांनी लुगडं सोडवलं. त्या साली कोसारीची मारबत तणसाच्या उघड्या अंगाने जळायला गेली, आणि ती करवतकाठी, जांभळ्या काठाची, जिच्यावर तीन वर्षं माझा डोळा होता, ती सिंधूताईच्या मांडीवर पडली. मला आनंद झाला नाही असं नाही. पण लुगडं पाहून पोटात दुखलंच. सवत गेली हे खरं, तिच्या जागी थोरली नणंद आली. यातलं स्वस्त कोणतं, ते लग्न झालेल्या बायकांनी सांगावं.

संध्याकाळी विहिरीवर मी निखारेबाईंना जाब विचारला. त्या शांतपणे दोर ओढत होत्या. "मी खोटं काय बोलली? तिले विसरला नाही म्हणाली. होता का विसरला? आमाले कसम होती व. तुले कोणी घातली होती?"

पुढच्या पोळ्याला नवरा लगद्याचा गोळा समोर घेऊन नुसताच बसला होता.

"तोंड कोणाचं करू?" त्याने विचारलं.

"माझं करा," मी म्हटलं.

"काहीही अभद्र बोलते!" आतून सासूबाई.

तो माझ्याकडे बघून हसला. "तुहं कायले करू? तू तर रोज समोर आहे."

हे ऐकून दुसरी एखादी पाघळली असती. मी म्हटलं, "मग लुगडं तरी विणा." ते त्याने विणलं, पण दोन वर्षांनी, आणि काठ हिरवा. जांभळं सूत संपलं होतं म्हणे.

त्या पोळ्यापासून मारबत कोणावरच गेली नाही. गाव बरीच वर्षं कुरकुरलं की दामूचा हात बिघडला.

आता मामाजी नाहीत, सासूबाई नाहीत. मारबत माझा धाकटा मुलगा करतो. कानात सांगायचा मान माझ्याकडे आला आहे. सिंधूताई दर पोळ्याला येते आणि आठ दिवस राहते. येताना झिंगे आणते आणि माझ्या चुलीवर स्वतः करते, कोरडे, कांदा घालून. ताटं वाढली की माझा नवरा पहिला घास खाऊन डोळे मिटतो. चाळीस वर्षं मी त्याला जेवायला घालते आहे, त्याने माझ्या एकाही घासाला डोळे मिटलेले नाहीत. दोघं ओट्यावर बसून मला ठाऊक नसलेल्या माणसांच्या गोष्टी काढून हसतात, आणि ती अजून त्याला "दाम्या" म्हणते.

मारबत दारात येते तेव्हा मी स्टुलावर चढते. खाली स्टूल धरून तीच उभी असते, मी पडू नये म्हणून.

"काय सांगितलं व?" उतरल्यावर ती विचारते. हे विचारायचं नसतं, पण तिला कोण सांगणार?

"तुहीच कागाळी."

ती खो खो हसते. तिला थट्टा वाटते. दर वर्षी मी मारबतीच्या कानात खरोखर हेच सांगत आले आहे: हिचे झिंगे घेऊन जा, हिचं दाम्या-दाम्या घेऊन जा, जमलं तर हिलाही घेऊन जा.

गेल्या पोळ्याला चार दिवस पाऊस हटला नाही. मांडवीला जायचा नवा पूल पाण्याखाली गेला. सकाळी नवरा दोनदा नदीपर्यंत जाऊन आला आणि बाजेवर बसला. मी त्याच्या उशाला दुसरी उशी दिली. मारबत दारात आली. मी बंडी थांबवून धरली, कुंकू आणायचं राहिलं म्हणून, मग हळद राहिली म्हणून. पोरं कंटाळली. शेवटी स्टुलावर चढले. खाली स्टूल धरायला कोणी नव्हतं, ते डगमगत होतं. मारबतीच्या कानाशी तोंड नेलं, आणि सांगायला काही सुचेना.

"आटपा ना काकू!" मागून कोणीतरी ओरडलं.

"पूर तेवढा घेऊन जा गे," मी तिला म्हटलं. "बाकीचं मी पाहून घेते."